केळीचं जाजम

ऐनाच्या झाडावर गजा चढला खरा, पण उतरायचं कसं ते त्याला आठवेना. एका हातात कोयता, दुसऱ्या हाताने फांदीला मिठी. खाली त्याचा बाप चांगो भाताच्या राबात जाळायला तोडलेल्या डहाळ्यांचे, म्हणजे कवळाचे, भारे बांधत होता. म्हाताऱ्याने एकदा वर बघितलं, पुन्हा भारा आवळला आणि म्हणाला,

"उतर रं आता. का तिथंच बिऱ्हाड करायचं हाय?"

"उतरतो. पाय ठेवायला जागा बघतोय."

"माकडं बघत नाय कदी जागा."

कवळाचे भारे न्यायला आलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. त्यात गजाची बायको मैना होती आणि सगळ्यांत जास्त तीच हसली. शेवटी गजा उतरला, म्हणजे निम्मा उतरला आणि निम्मा घसरला. पोटावर ओरखडे उठले आणि मुंबईच्या सदऱ्याचं एक बटण ऐनाकडेच राहिलं.

गजा पोशीरचाच. पण मिसरूड फुटायच्या आधी मुंबईला गेला आणि गिरणीच्या साचेखात्यात, कापड विणायच्या मागांवर, लागला तो तिथलाच झाला. साच्यांच्या त्या खडखडाटात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. गणपतीला आणि शिमग्याला यायचा, पोरीला गोळ्या आणायचा, दोन दिवस पाहुणचार घेऊन परत जायचा. त्या वर्षी गिरण्यांचा संप झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणून त्याने वाट पाहिली, आणि मग वळकटी उचलून घरी आला. पहिले आठ दिवस सगळ्यांना बरं वाटलं. नंतर घरात एक धट्टाकट्टा माणूस आहे आणि त्याला शेतातलं काहीच येत नाही, हे सगळ्यांच्या ध्यानात आलं.

नांगराचा बैल वाघ्या त्याला जुमानत नसे. तो दाव्याला हात लावायला गेला की वाघ्या मान हलवायचा आणि गजा दोन पावलं मागे सरायचा. "चल बाबा, चल ना," असं तो बैलाला म्हणायचा. बैलाशी एवढं अदबीने कुणी बोलतं का? वाघ्या मग मुद्दाम उभाच राहायचा.

"त्याला शिवी घाला की," मैना म्हणायची. "तुमच्या गिरणीतला सायेब हाय का तो?"

गजा हसण्यावारी न्यायचा. पण जेवताना त्याची मान खाली असायची, आणि मैना ताटात भात वाढायला लागली की तो आताशा लवकर "बास" म्हणायचा.

गावाबाहेर नदीकाठी दत्तोपंतांची केळीची वाडी होती. दत्तोपंत नेरळचे, शाळेतून निवृत्त झालेले, गप्पिष्ट माणूस. घड उतरवला की केळीचा खांब आडवा पाडायचा आणि ओढून वाटेला टाकायचा, हा तिथला रिवाज. वाटेला त्या खांबांचा ढीग पडलेला असे. एके दिवशी गजा त्या ढिगावरून पाय घसरून सपशेल आपटला. उठताना त्याच्या हातात खांबाचं एक सोपट, वरचं जाड साल, आलं. रागाने त्याने ते ओढलं, तर ते फाटताना त्याच्या कडेने पांढरे, चकचकीत दोरे सुटले. गजा पुन्हा खाली बसला, या वेळी मुद्दाम. त्याने एक दोरा सोडवला, दोन बोटांत धरला आणि ताणला. दोरा तुटायच्या आधी बोट कापलं.

इतक्या महिन्यांत त्याच्या बोटांना ओळखीचं असं पहिल्यांदाच काहीतरी लागलं होतं. 

"पंत, या खांबांचं काय करता?" त्याने विचारलं.

"काय करणार? गुरांना तरी किती घालणार? कुजतात आणि डास होतात. ने बाबा, सगळे ने, वर मी तुला चहा पाजतो."

घरी चांगोने दोरा पाहिला. चांगो दोर वळण्यात गावात नावाजलेला. बांधावरच्या अंबाडीच्या सालीचे दोरे, म्हणजे वाख, काढायचा, जुड्या आढ्याला टांगायच्या आणि उन्हाळाभर चातीवर दावी, कासरे वळायचे, हे त्याचं काम. त्याने दोरा नखाने घासला, दातात धरला.

"वाख हाय," तो म्हणाला. "काढायचा कसा?"

"तूच सांग बा."

"पेंढा नको घेऊस, पाला नको घेऊस. त्यो राबाला पायजे, नायतर भाताच्या रोपाची दाढ कशानं भाजणार? केळीचा खांब मातर घे. तो ओला, त्याचा जाळबी होत नाय. अंबाडी कुजवतो तसा डोहात कुजव."

बापलेकांनी सोपटं मोळ्या बांधून डोहात बुडवली, वर धोंडे ठेवले. आणि अंबाडीला लागतात तेवढे दिवस बिनघोर राहिले. अंबाडीची साल चिवट, केळीचं सोपट म्हणजे पाणीच. मोळ्या वर काढल्या तेव्हा हातात काळपट गाळ आला आणि असा वास सुटला की वडाखाली बसलेली माणसं उठून गेली. तरी चांगोचा हट्ट, यातूनही काही निघेल. गजाने ते टोपलीत भरून डोक्यावरून घरी आणलं. टोपली गळत होती. वाटभर लोक नाक धरून दारात उभे राहिले आणि ओघळ त्याच्या कानामागून सदऱ्यात उतरत होते.

मैनाने त्याला अंगणातच अडवलं.

"आत पाऊल टाकायचं नाय. आदी न्हा. मामा, तुमीबी!"

चांगो आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या हुकमावरून भरदुपारी न्हायला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी सोपटं कुजवली नाहीत. ताजं सोपट फळीवर अंथरायचं आणि बोथट कोयत्याने खरवडायचं. मऊ गर निघून जातो, दोरे फळीवर राहतात. मग नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचे, सावलीत सुकवायचे. दिवसभर खरवडून खांदे भरून यायचे आणि मूठभर वाख निघायचा. पण तो कसा! उन्हात धरला तर तुपासारखा दिसायचा. गजाची पोरगी जिजा कामाला बसली. खरवडताना केळीचा चीक उडून तिच्या आईच्या चांगल्या लुगड्यावर पडला. केळीच्या चिकाचा डाग लुगडं फाटेपर्यंत जात नाही. 

शिमगा झाला आणि जिजाचं जमलं. मुलगा कळंबचा, घरची भातशेती, माणसं मनमिळाऊ. साखरपुडा वैशाखात करायचं ठरलं. मुलाकडची माणसं येणार म्हणजे बसायला जाजम हवं. गावात जाजम एकच, पोशा पाटलाच्या घरचं. पोशा नाही म्हणत नसे. पण जाजम जाईल तिथे त्याची बायको येसूबाई मागोमाग यायची आणि उंबऱ्यात उभी राहून पाहुण्यांदेखत सांगायची, "जरा जपून हां. पान खाऊन थुकू नका. आमचं जाजम हाय ते." मैनाच्या नणंदेच्या लग्नात तिने हे सोसलं होतं. जिजाच्या वेळी ते पुन्हा ऐकायचं, या विचाराने तिचा जीव कासावीस झाला होता.

"मी विणतो जाजम," गजा जेवता जेवता म्हणाला.

"कशाचं?"

"केळीचं."

मैनाने वाढायचं थांबवलं. "साचा कुठं हाय?"

"बांधतो. पडवीत."

पडवी म्हणजे मैनाचा जीव. पाऊस लागायच्या आत वर्षाची लाकडं, गोवऱ्या, सगळं पडवीत रचायचं. त्याला कोकणात आगोट म्हणतात, आणि आगोट नीट झाली नाही तर आषाढात चूल पेटत नाही. मैनाने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली,

"बांदा. पण आईका. साखरपुड्याच्या आत जाजम झालं पायजे. अख्खं. सगळे पाव्हणे बसतील एवढं. नाय झालं, तर साचा सोडायचा नि त्याची लाकडं चुलीत. मग संप मिटंपरेंत कवळ तोडायचं मुकाट्यानं. हाय कबूल?"

"कबूल," गजा म्हणाला.

हसत म्हणाला खरा. पण साचा गेला तर आपण या घरात झाडाला लटकलेला माणूस, एवढंच उरतं, हे त्याला कळत होतं.

जुन्या बाजेचे पाय, दोन वासे, बांबू यातून साचा उभा राहिला. बांबूच्या पातळ काड्या ओळीने बांधून गजाने फणी केली. उभे दोरे अंबाडीचे. ते चांगोने वळून दिले. दावी-कासऱ्यांसाठी ठेवलेला वाख आढ्यावरून उतरवताना म्हातारा कुरकुरला.

"बैलांना काय बांदू? केसानं?"

पण त्याने अंबाडी इतकी बारीक आणि एकसारखी वळली की गजाने ती डोळे मिटून बोटांतून सोडली आणि एकही गाठ लागली नाही. "बा, तू गिरणीत असतास तर आमच्यावरचा जॉबर झाला असतास," तो म्हणाला. चांगोने ऐकू न आल्यासारखं केलं आणि संध्याकाळी वडाखाली चौघांना सांगितलं.

मग विणायला सुरुवात झाली. गिरणीत वीज साचा ओढायची, इथे गजा स्वतः ओढत होता. पट्टा नाही, भोंगा नाही. उभ्या दोऱ्यांतून केळीचा आडवा दोरा घालायचा, फणी आपटायची. खट्. पुन्हा घालायचा. खट्. बोटाबोटाने जाजम वाढायला लागलं. सकाळी राबाची कामं, ऊन चढलं की साचा. पाठ मोडायची, गुडघे आखडायचे. पण मुंबईत कधी गुणगुणला नव्हता तो गजा आता गुणगुणायचा, आणि जिजा बाजूला बसून दोरे सुटे करताना बापाच्या सुराला हसायची. पडवीतून खट् खट् ऐकू आलं की वाटेने जाणारे थांबायचे. "काय साचेवाले, पगार कदी?" विचारायचे. गजा म्हणायचा, "केळी पिकली की." पडवीत ती दोघं फार सुखात होती.

मैना पडवीत फिरकत नसे. फक्त खरवडलेला चोथा उकिरड्यावर टाकायला यायची. तो ओला चोथा रोज डोक्यावरून नेऊन ती कंटाळली. एके दिवशी घराच्या मागच्या कुडाच्या भिंतीला लिंपायचं होतं, तर तिने माती आणि शेण कालवताना त्यातच तो चोथा घातला. कारवीच्या कुडावर माती चढवली की चैत्राच्या उन्हात भेगा पडतात, पोपडे सुटतात, हे दरवर्षीचं. या वर्षी कूड वाळला आणि भेग पडली नाही. केसासारखे बारके दोरे मातीला धरून राहिले होते. मैनाने हात फिरवून पाहिला, अंगठ्याने दाबून पाहिला.  दुसऱ्या दिवशी चोथा उकिरड्याकडे गेला नाही, आणि चार दिवसांनी तिने घराच्या चारही बाजू लिंपून काढल्या.

साखरपुडा जवळ आला तेव्हा जाजम पुरं होत आलं होतं. लांबलचक, पिवळसर, मध्ये अंबाडीची काळपट रेघ. फक्त अंग जरा खरखरीत होतं आणि कडेचे दोरे पिंजत होते. गजाला गिरणीतलं सायझिंग खातं आठवलं. तिथे सुताला खळ द्यायचे म्हणजे सूत गुळगुळीत आणि कडक होतं.

"खळ देऊ या," तो म्हणाला. "भाताची पेज घट्ट काढ गं जिजा."

"पेजेला बुरशी लागंल की बाबा."

"गिरणीत औषध घालायचे त्यासाठी. आपण मीठ घालू."

बापलेकींनी मिठाची घट्ट पेज जाजमाला दोन्ही अंगांनी चोळली. उन्हात वाळवायला अंगणात वलणी बांधली आणि तिच्यावर जाजम सोडलं. वलणीचं एक टोक आंब्याला, दुसरं गोठ्याच्या मेढीला. जाजम काय सुंदर दिसत होतं! गजा चार पावलं मागे जाऊन बघायचा, पुन्हा जवळ जाऊन बघायचा. मग तो आणि चांगो पान खायला ओटीवर बसले.

गिरणीत सायझिंग खात्याच्या शेजारी गोठा नव्हता.

वाघ्याला लहानपणापासून दोन गोष्टी आवडायच्या, केळीचा गाभा आणि खारट पेज. दोन्ही एकत्र, शिवाय नीट विणून, त्याच्या तोंडापुढे कुणी आजवर टांगलं नव्हतं. जिजा किंचाळली तेव्हा जाजमाचा बराचसा भाग त्याच्या पोटात गेला होता आणि पुढचा हातभर तोंडात होता.

गजा ओटीवरून उडीच मारून धावला. त्याने वाघ्याच्या जबड्यात हात घातला, लाळेने भिजलेलं जाजम दोन्ही हातांनी ओढलं, आणि त्याच्या तोंडून अशा शिव्या सुटल्या की शेजारची गुरंसुद्धा माना वर करून बघायला लागली. त्याने वाघ्याच्या नाकाडावर एक ठेवून दिली. "हो मागं, भाड्या! हो मागं म्हणतो ना!" वाघ्याने जाजम सोडलं. मान खाली घातली आणि मुकाट्याने गव्हाणीपर्यंत मागे सरला.

हातात राहिलं ते निम्म्याहून थोडं जास्त. टोकाला चघळलेल्या दोऱ्यांच्या चिंध्या. गजा तिथेच अंगणात, तापल्या मातीत बसला. डोक्याला हात लावून बसला तो सूर्य कलला तरी हलला नाही. चांगो आला, बाजूला टेकला, उठून गेला. मैना आतबाहेर करत होती. काहीतरी उचलत होती, ठेवत होती. त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं.

पुन्हा विणायला दिवस उरले नव्हते. दुसऱ्या सकाळी गजाने चिंध्यांचं टोक कापून टाकलं. खळ धुवून काढली. चांगोने कापलेली कड अंबाडीच्या दोरीने गुंफून घेतली.

साखरपुड्याला कळंबची मंडळी आली. मुलाचा बाप सखा, चार जाणते लोक, बायका, आणि मुलाची आजी सोनुबाई. ओटीवर भिंतीच्या कडेला जाजम अंथरलं होतं. निम्मे पाहुणे त्याच्यावर, उरलेले घोंगड्यांवर. पोशा पाटलाच्या घरून काही आणलं नव्हतं. येसूबाई तरी आलीच, उंबऱ्यात उभी राहिली, आणि सांगायला काही नाही म्हणून अवघडून आत जाऊन बायकांत बसली. मैनाने ते पाहिलं. तिला एवढं बरं वाटलं की तिने येसूबाईला दोनदा साखर दिली.

सोनुबाईने बसता बसता जाजमावर तळवा फिरवला. मग बोटाने टोकरलं.

"हे कशाचं गं बाय?"

"केळीचं," चांगो म्हणाला. "आमच्या गजानं विणलं."

"केळीचं? आमच्याकडं उकिरड्यावर टाकतात की केळ." तिने कडेपर्यंत हात नेला. "मग असं मधीच का संपवलंत?"

 गजाने घाईने पानाचं तबक त्या कडेवर सरकवलं. तेवढ्यात गोठ्यातून वाघ्याने मान लांब केली आणि जाजमाच्या दिशेने जीभ काढून असा हंबरला की साखरेचं ताट घेऊन उभ्या असलेल्या जिजाला हसू आवरेना. नवरीने हसायचं नसतं. पण ती हसली, आणि हसता हसता तिनेच सांगून टाकलं,

"आजी, उरलेलं त्यानं खाल्लं."

सोनुबाईने बैलाकडे बघितलं, जाजमाकडे बघितलं, आणि ती म्हातारी अशी हसली की तोंडातला विडा बाहेर आला. सगळी ओटी हसली. सखाने डोळे पुसत गजाच्या पाठीवर थाप मारली.

"व्याही, लग्नात आमाला दुसरं काय नको. असं एक जाजम विणून द्या. पण अख्खं हां! नायतर बैल घेऊन येऊ नि वसूल करू."

मंडळी गेली तेव्हा उन्हं उतरली होती. पश्चिमेला ढगांची काळी कड दिसायला लागली होती. गजा पडवीत गेला. सगळं छान पार पडलं होतं, पोरीचं सोनं झालं होतं, आणि त्याला रडायला येत होतं. बोली झाली होती अख्ख्या जाजमाची. अख्खं झालं नव्हतं. आणि दिलेला शब्द मैनापुढे फिरवायचं धाडस त्याच्यात नव्हतं. त्याने साच्याच्या वाशाची पहिली गाठ सोडली. मग विचार केला, आगोटीची लाकडं पडवीत आणून रचायला तरी आपणच लागू. म्हणून तो घरामागे गेला.

घरामागे लाकडं नव्हती. परसात उन्हाळाभर उभा असलेला ढीग नाहीसा झाला होता. जमिनीवर फक्त सालपटं पडली होती.

"मैने! लाकडं कुठं गेली?"

मैना चुलीपाशी बसली होती. तिने मानेने वर दाखवलं. माजघरावरचा माळा मैनाचा. तिची माहेरची ट्रंक, तांब्याची भांडी, जिजाची लहानपणची टोपडी, सगळं तिथे असायचं. आता तिथे कडेपासून कडेपर्यंत लाकडं रचलेली होती. ट्रंक खाली कोपऱ्यात आली होती आणि तिच्यावर भांडी उपडी ठेवलेली होती.

"ही कदी चढवलीस?"

"वाघ्यानं खाल्लं त्या दिशी. तुमी डोस्क्याला हात लावून बसला व्हता तवा."

"त्या दिशी? अगं, त्या दिशी तर सगळं बुडालं होतं."

मैनाने चुलीत फुंकर घातली. धुराने की कशाने, तिचे डोळे ओले झाले होते.

"इतकी वरसं तुमी या घरात पाव्हणे व्हता," ती म्हणाली. "गणपतीला यायचं, शिमग्याला यायचं. बैलाला सुदीक अदबीनं बोलायचं. त्या दिशी पयल्यांदा घरातला माणूस वरडावा तसं वरडलात. मला लई बरं वाटलं. मग मी शिडी लावली."

 गजा दाराला धरून उभा राहिला.

"आता बघत काय बसलात? साच्याची गाठ सोडलीत ना? वासा करकरलेला आईकला मी. ती बांदा जावा. कळंबवाल्यांना अख्खं जाजम द्यायचं हाय." आणि तो वळला तसं तिने मागून सांगितलं, "नि या खेपेला मीठ घालू नका."

गजा पडवीत आला. सोडलेली गाठ त्याने पुन्हा बांधली आणि दोन्ही हातांनी नीट आवळली.